सूर्योदय ते सूर्यास्त : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा विसाव्यासाठीचा लढा

रविवारची सुटी आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधीकाळी मागून घ्यावी लागली होती, त्यासाठी मैदाने भरवावी लागली होती, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. १० जून १८९० रोजी मुंबईतील गिरणीमालकांनी कामगारांना आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी देण्याचे मान्य केले. या निर्णयामागे ज्यांचे सहा वर्षांचे अथक प्रयत्न होते, ते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले जातात. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत त्यांचा जन्म झाला नाही की त्यांचे वास्तव्यही घडले नाही. पण ज्या माणसांच्या विसाव्यासाठी ते झगडले, त्यांतील मोठा वर्ग कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातून आणि माण-खटावच्या माळरानावरून पोटासाठी मुंबईला गेलेला होता. आज याच दोन जिल्ह्यांत साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, रुग्णालये आणि वीजकेंद्रे रात्रभर जागी असतात. अशा वेळी लोखंडे यांच्या चरित्राकडे नव्याने पाहण्याची गरज आहे.

ठाण्यातून मांडवीच्या गिरणीत

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात एका सामान्य फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. परिस्थिती बेताची असल्याने मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणानंतर त्यांना नोकरी पत्करावी लागली. काही काळ त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात काम केले आणि पुढे मुंबईतील मांडवी येथील कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते रुजू झाले. हीच नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. भोंगा वाजण्यापूर्वी फाटकाशी ताटकळणारी माणसे, दिवसभर यंत्रापाशी उभी राहणारी बायामुले आणि संध्याकाळी अंगावर कापसाची पूड घेऊन खोलीकडे परतणारे थकलेले चेहरे त्यांनी रोज जवळून पाहिले.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये केली. पुढच्या तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, मात्र त्यांत राबणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण जवळपास नव्हते. भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, एवढीच त्याची झेप होती. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना त्यात कोणतीही मर्यादा नव्हती.

त्या काळी गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की यंत्रे सुरू होत आणि अंधार पडला की थांबत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांवर जाई, तर हिवाळ्यात दहा-अकरा तासांवर येई. मधल्या सुटीची खात्री नव्हती. अनेकजण यंत्र चालू ठेवूनच आळीपाळीने चार घास खात. सणावाराच्या मोजक्या सुट्या सोडल्या तर विश्रांतीचा ठरलेला दिवस नव्हता, आणि यंत्रे बंद असली तरी त्यांच्या साफसफाईसाठी कामगारांना यावेच लागे.

'दीनबंधु'ची धुरा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांकडे लोखंडे तरुणपणीच ओढले गेले. सत्यशोधकांचे मुखपत्र मानले जाणारे 'दीनबंधु' हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. आर्थिक ओढगस्तीमुळे ते बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि ते मुंबईहून चालविले. गिरणीतील स्थिर पगाराची नोकरी सोडून तोट्यातले साप्ताहिक हाती घेणे हा व्यवहारी माणसाला न पटणारा निर्णय होता. लोखंडे यांनी तो निभावला आणि शेतकरी व कामगार यांच्या प्रश्नांना 'दीनबंधु'त हक्काची जागा मिळाली.

हे साप्ताहिक ज्यांच्यासाठी होते, ती माणसे कोण होती? गिरणगावात कोकणातल्या माणसांच्या खालोखाल घाटावरची, विशेषतः सातारा जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा बराच भाग येत असे. दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांतून आणि माण, खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यातून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईची वाट धरत असे. शेत होते, पण ते पोट भरण्याइतके पिकत नव्हते. गावात असताना ही माणसे कोंबडा आरवल्यावर उठत, दुपारी झाडाखाली घटकाभर टेकत आणि दिवेलागणीनंतर लवकर निजत. मुंबईने ही सारी लय भोंग्याच्या हवाली केली.

सुपारीबागेतील सभा

कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये फॅक्टरी आयोग नेमला. आयोगापुढे मालकांची बाजू मांडणारे अनेक होते, कामगारांची बाजू मांडणारे मात्र कोणी नव्हते. ही उणीव ओळखून लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. तीन दिवसांनी दुसरी सभा झाली. या सभांतून तयार झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. याच हालचालींतून 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' ही कामगारांची संघटना उभी राहिली.

या निवेदनातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा डोळ्यांत भरतो. दर रविवारी पूर्ण दिवस सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. आदल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची व्यवस्था व्हावी.

पाच मागण्यांपैकी पहिल्या तीन थेट वेळेशी निगडित होत्या, ही बाब लक्षणीय आहे. पगारवाढीआधी लोखंडे यांनी विसावा मागितला. मजुरी कमी असली तर माणूस अर्धपोटी राहतो, पण झोप आणि विश्रांतीच हिरावली गेली तर तो उभाच राहू शकत नाही, हे गिरणीच्या फाटकाआतून पाहिलेल्या माणसाला निराळे शिकावे लागले नव्हते.

महालक्ष्मीचे मैदान

निवेदनानंतर लगेच काही पदरात पडले नाही. आयोग आला, अहवाल झाला आणि वर्षे उलटली. लोखंडे यांनी चिकाटी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर त्यांनी घेतलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. सभेने साप्ताहिक सुटीची मागणी करणारे निवेदन मंजूर करून मालकांच्या संघटनेकडे पाठविले आणि १० जूनला मालकांनी ती मान्य केली.

सुटीसाठी रविवारच का, याचेही एक उत्तर लोखंडे यांच्या नावाने सांगितले जाते. रविवार हा बहुजनांचे दैवत असलेल्या खंडोबाचा वार आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला, असे म्हणतात. जेजुरीचा किंवा कऱ्हाड तालुक्यातील पालीचा खंडोबा ज्यांचे कुलदैवत होते, त्या सातारकडच्या कामगारांना हा युक्तिवाद सहज पटणारा होता. सुटीचा काही भाग समाजाच्या कामासाठी द्यावा, अशीही त्यांची अपेक्षा असल्याचे सांगितले जाते.

१८९० मध्येच सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला आणि या वेळी लोखंडे यांना त्याच्या कामाशी जोडून घेण्यात आले. त्याच्या शिफारशींनंतर १८९१ चा कायदा झाला. साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे बळ मिळाले. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची आणि मुलांच्या कामाला सात तासांची मर्यादा आली. कामावर घ्यावयाच्या मुलांचे किमान वय नऊ झाले. स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरही निर्बंध आले. प्रौढ पुरुष मात्र या मर्यादांबाहेरच राहिला.

शरीराचे घड्याळ

लोखंडे यांनी सूर्यास्ताची मर्यादा मागितली, ती दिवसभराच्या श्रमाला कुठेतरी अंत असावा म्हणून. त्या मागणीच्या मुळाशी असलेले शरीरशास्त्र उलगडायला पुढचे शतक जावे लागले. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तोच शरीराचे मुख्य घड्याळ. त्याची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवून घेतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते, पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि उजाडण्याच्या वेळेला कॉर्टिसॉल वाढून शरीर उठण्याच्या तयारीला लागते. यकृत, स्वादुपिंड, आतडी या प्रत्येकाची स्वतःची घड्याळे असून ती या मुख्य घड्याळाच्या तालावर चालतात. पेशींमधील या यंत्रणेचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रातपाळीचा कामगार या घड्याळाविरुद्ध काम करतो. तो पहाटे चारला यंत्रापाशी उभा असतो, तेव्हा त्याचे शरीर सर्वांत गाढ झोपेची वेळ पाळत असते. चूक आणि अपघात यांचा धोका म्हणूनच रात्रीच्या पाळीत वाढतो. मध्यरात्री खाल्लेला डबा पचविताना रक्तातील साखर दिवसाच्या तुलनेत अधिक वाढते, कारण त्या वेळी इन्शुलिनचा प्रभाव मंद असतो. सकाळी तो घरी जाऊन निजतो, तेव्हा ऊन, उकाडा आणि रस्त्यावरचा गोंगाट असतो आणि शरीर जागे होऊ पाहत असते. दिवसाची झोप त्यामुळे रात्रीपेक्षा काही तासांनी कमी आणि उथळ ठरते. वर्षानुवर्षे रातपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेह, हृदयविकार आणि पोटाच्या तक्रारींचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रीच्या पाळीच्या कामाचा समावेश संभाव्य कर्करोगकारक घटकांत २००७ मध्ये केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला.

फिरत्या पाळीत अडचण आणखी वाढते. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळवून घेण्यास अनेक दिवस घेते आणि ते जुळू लागेपर्यंत पाळी पुन्हा बदललेली असते. सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकणारी पाळी शरीराला त्यातल्या त्यात सोसते, उलट क्रमाची पाळी अधिक त्रास देते. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते, हे त्यामागचे साधे कारण.

अखेरची सेवा

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या चालीविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांना संघटित केले आणि या क्रूर रूढीला हात लावणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा गिरणगावात सलोखा राखण्यासाठी ते वस्त्यांमधून फिरले. त्यांच्या कार्याची दखल घेऊन सरकारने त्यांना १८९५ मध्ये रावबहादूर हा किताब दिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रुग्ण आढळला आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. लाखो माणसे गावाकडे निघाली. गिरण्यांची खाती रिकामी झाली. लोखंडे मात्र मुंबईतच थांबले. रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात आणि त्यांच्या शुश्रूषेत ते गुंतले आणि याच कामात त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

विजेचे दिवे आणि तिसरी पाळी

लोखंडे यांनी कामाच्या दिवसाला सूर्यास्ताची सीमा मागितली होती. ही सीमा त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांतच पुसली गेली. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या तेजीत काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारांत असंतोष उसळला, पुन्हा चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला प्रथमच बारा तासांची मर्यादा आली. पुढे १९२२, १९३४ आणि १९४८ च्या कायद्यांनी ती टप्प्याटप्प्याने खाली आणली. दिवसाचे तास कमी झाले, मात्र त्याच काळात रात्र कारखान्याच्या ताब्यात गेली.

सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सात अशा तीन पाळ्या गिरणगावाच्या अंगवळणी पडल्या. सातारा-सांगलीकडच्या कामगारांचे गावकीचे गाळे याच पाळ्यांवर चालत. एका खोलीत अनेकजण राहत, आणि पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या जागी तिसऱ्या पाळीचा येऊन पथारी पसरत असे. जागेच्या टंचाईवर तो तोडगा होता, पण तिथे निजणाऱ्याला अंधार आणि शांतता कधीच मिळत नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि अनेक कुटुंबे गावाकडे परतली.

गावीही आता रात्र पूर्वीची राहिलेली नव्हती. ऊस गाळपाच्या हंगामात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील कारखाने अहोरात्र चालतात. तोडलेल्या उसातील साखर उतरत जाते, म्हणून गाळप थांबविता येत नाही. मिरजेतील रुग्णालयांत परिचारिका रात्रभर जाग्या असतात. मिरज जंक्शनवरून रात्री गाड्या सुटतात, कोयनेची जनित्रे फिरतात, सातारा आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत दिवे जळतात. इतकेच काय, शेतीपंपांना एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज देण्याच्या पद्धतीने वर्षानुवर्षे शेतकऱ्यालाही फिरत्या पाळीचा कामगार बनविले. फरक एवढाच, की त्याच्या पाळीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते.

सुटी कोठून मोजायची?

लोखंडे यांनी मिळविलेल्या साप्ताहिक सुटीचे रातपाळीत काय होते, हा प्रश्न येथे उभा राहतो. मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीतील कामगाराची सुटी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास मोजावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. सुटी कॅलेंडरच्या तारखांत तुटू नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. पण हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते. रविवारी सकाळी सातला पाळी संपवून आलेल्या माणसाची सुटी त्याच क्षणी सुरू होते आणि तिचे पहिले सहा-सात तास रात्रीच्या जागरणाची भरपाई करण्यातच जातात. दिवसपाळीचा माणूस सुटीच्या दिवशी झोप पुरी करून उठतो, तर रातपाळीच्या माणसाला सुटीचा दिवस मोडून झोप मिळवावी लागते. कागदावर दोघांचे चोवीस तास सारखेच असतात.

त्यावर उपाय अशक्य नाहीत. पाळी पुढच्या क्रमाने फिरवणे, सलग रात्रींची संख्या मर्यादित ठेवणे, रातपाळीनंतर पुरेशी मोकळीक देणे, नियमित आरोग्य तपासणी करणे आणि घरच्यांनी दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीची सोय करणे, यांपैकी बहुतेकांना फारसा खर्च नाही. इस्पितळ, वीज आणि रेल्वे रात्री बंद ठेवता येणार नाहीत, हे खरे. म्हणूनच ती चालविणाऱ्यांच्या झोपेचा हिशेब ठेवणे ही समाजाची जबाबदारी ठरते. १८८४ मध्ये सुपारीबागेत साडेसहा ते सूर्यास्त अशी वेळ कागदावर लिहून मागणाऱ्या लोखंडे यांनी कामाच्या घड्याळाला माणसाच्या शरीराची मर्यादा घालून दाखविली होती. सूर्यास्तानंतरच्या तासांसाठी तशी मर्यादा आखण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.